पासष्टीनंतर कॉलेजात: न्यू जर्सीतील ट्यूशन-माफीचा एका सेमिस्टरचा अनुभव

न्यू जर्सी राज्यातील सार्वजनिक कॉलेजांना आणि विद्यापीठांना ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना ट्यूशन (शिकवण्याची मूळ फी) न आकारता नियमित वर्गांत बसू देण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. त्यासाठी वर्गात जागा शिल्लक असावी लागते आणि तो वर्ग चालवण्यापुरते विद्यार्थी पैसे भरून आधीच दाखल झालेले असावे लागतात. ही मुभा आहे, सक्ती नाही, हे अर्ज करण्यापूर्वी नीट ध्यानात घ्यावे, कारण प्रत्येक कॉलेजचे नियम त्यामुळेच वेगवेगळे असतात. बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे कायमची राहायला आल्यानंतर, वयाच्या ६७व्या वर्षी, मी गेल्या फॉल सेमिस्टरमध्ये (शरद ऋतूतील सत्रात) आमच्या भागातील एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात) भूगर्भशास्त्राचा प्राथमिक वर्ग या सवलतीतून केला.

प्रवेशाचा टप्पा सर्वांत त्रासाचा ठरला. इतर विद्यार्थ्यांची नोंदणी कित्येक आठवडे चालू असते. ज्येष्ठांची खिडकी मात्र वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी उघडते, तोवर मागणी असलेले वर्ग भरून गेलेले असतात. मला मुळात चित्रकलेच्या इतिहासाचा वर्ग हवा होता, तो मिळाला नाही, आणि संध्याकाळच्या भूगर्भशास्त्रात चार जागा उरल्या होत्या म्हणून मी तिकडे वळले. काउंटरवरील कर्मचारी सौजन्याने वागल्या, परंतु त्यांना ही सवलत ठाऊकच नव्हती, त्यामुळे माझ्या नावावर पूर्ण ट्यूशनचे बिल निघाले आणि ते रद्द करून घेण्यासाठी मला दोन हेलपाटे घालावे लागले. ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही त्याने दुसऱ्या हेलपाट्याआधीच नाद सोडला असता, आणि म्हणून ही तक्रार मी किरकोळ मानत नाही.

पैशांचा हिशोब स्पष्ट सांगायला हवा, कारण माहितीपत्रकात ‘मोफत’ हा शब्द ठळक छापलेला असतो. माफ होते ती ट्यूशन. इतर फी माफ होत नाही. सर्वसाधारण फी, तंत्रज्ञान फी आणि प्रयोगशाळेची फी मिळून माझे १६४ डॉलर गेले. पाठ्यपुस्तक नवे घेतले असते तर जवळपास तेवढीच रक्कम आणखी लागली असती, पण कॉलेजच्या ग्रंथालयात राखीव प्रत होती आणि तिच्यावर माझे काम भागले. पूर्ण ट्यूशनच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे, याबद्दल वाद नाही. तरीही केवळ सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) भागवणाऱ्या व्यक्तीला एकूण आकडा आधी कळला पाहिजे.

माझी नोंदणी ‘ऑडिट’ची होती, म्हणजे वर्गात बसायचे, ऐकायचे, प्रश्न विचारायचे, पण परीक्षा, गुण आणि क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) नाही. पदवी अपुरी राहिलेल्यांना हे पुरणार नाही. अशांनी आपल्या राज्याचा नियम बारकाईने वाचावा, कारण राज्याराज्यांत मोठा फरक आहे. व्हर्जिनियात १९७४च्या कायद्याने ६० वर्षांवरील रहिवाशांना ऑडिट विनाट्यूशन करता येते, मात्र क्रेडिटसाठी करपात्र उत्पन्न २३,८५० डॉलरपेक्षा जास्त नसावे लागते. टेक्सासमधील सार्वजनिक संस्था ६५ वर्षांवरील व्यक्तींना सेमिस्टरला सहा क्रेडिट तासांपर्यंत ट्यूशन माफ करू शकतात, तर जॉर्जियात वयाची अट ६२ आहे. न्यू जर्सीतच रटगर्स विद्यापीठाची ६२ वर्षांवरील निवृत्त रहिवाशांसाठी केवळ ऑडिटची योजना आहे.

आता वर्गाविषयी, कारण शेवटी आपण जातो ते त्यासाठी. तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापकांनी दगडांचा एक लाकडी खण टेबलावर ठेवला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक नमुना दिला. माझ्या वाट्याला जवळच्या वॉचंग टेकड्यांतील बेसॉल्ट आला, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो हातात घेताच मला वाईच्या घाटाच्या पायऱ्या आठवल्या: तोच काळा रंग, तसेच वजन, बोट फिरवले की लागणारा तोच खरखरीतपणा. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. साठ वर्षे ज्या दगडावर मी चालले त्याचे वय मला कोणी सांगितले नव्हते. त्याच खणाच्या कोपऱ्यात गडद निळ्या स्फटिकांचा एक तुकडा होता आणि चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे’ असे लिहिलेले होते. प्राध्यापकांनी मला त्या गावाचे नाव मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले, आणि माझ्या नातवाच्या वयाच्या मुलांनी वाघोलीतला ‘घ’ उच्चारण्याचा मनापासून प्रयत्न केला. ज्येष्ठांसाठी वेगळे भरणारे छंदवर्ग मी पाहिले आहेत, चांगले असतात, पण शिकायला आलेल्या तरुणांमध्ये बरोबरीने बसण्याचे समाधान तेथे मिळत नाही.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सहा महिन्यांसाठी मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना ही सवलत लागू होत नाही. राज्याचे रहिवासी असल्याचा पुरावा मागतात, शिवाय पर्यटक व्हिसावर अशा नियमित अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. ग्रीन कार्डधारकांनी आणि नागरिकांनी मात्र जरूर चौकशी करावी. संध्याकाळचे वर्ग घेताना हिवाळ्यात अंधारात गाडी चालवावी लागेल, याचा विचार आधी करावा. इंग्रजी बोलण्याची भीती वाटत असेल तर पहिले दोन आठवडे नुसते ऐकावे. मी तसेच केले आणि कोणी हरकत घेतली नाही.

स्प्रिंग सेमिस्टरसाठी मी चित्रकलेच्या इतिहासाचा वर्ग पुन्हा मागणार आहे. या वेळी त्या विषयाच्या प्राध्यापकांना आधीच ईमेल करून त्यांची संमती घेतली आहे, सवलतीच्या नियमाचा छापील कागद पर्समध्ये ठेवला आहे, आणि ज्येष्ठांची नोंदणी ज्या सकाळी उघडते त्या सकाळी साडेआठला मुलगा मला रजिस्ट्रारच्या खिडकीपाशी सोडणार आहे.