संस्थेच्या आत की डिझाइन कंपनीत: प्रदर्शन घडवणाऱ्याने कुठे बसावं?

दोन्ही जाहिरातींत पदाचं नाव सारखंच असतं, एक्झिबिशन अँड इंटरप्रिटेशन डेव्हलपर. कामाची यादीही जवळपास तीच. एका बाजूला विषयाचा अभ्यासक, म्हणजे क्युरेटर. दुसऱ्या बाजूला डिझायनर. आणि मधे तुम्ही. कुठल्या वस्तू मांडायच्या, कुठल्या गोदामातच राहू द्यायच्या, आधी काय दिसावं, कशाशेजारी काय लिहावं, आणि या सगळ्यातून पाहणाऱ्याला काय उमगावं, हे जुळवणं तुमचं काम. फरक आहे तो पगार कोण देतं याचा. एक जागा वस्तुसंग्रहालयात किंवा वारसास्थळ सांभाळणाऱ्या संस्थेत, दुसरी अशा संस्थांना प्रदर्शनं करून देणाऱ्या कंपनीत. मी आधी कंपनीत होते, मग संस्थेत आले. त्यामुळे माझं माप कुठे झुकेल हे वेगळं सांगायला नको. तरी दोन्ही पारड्यांत काय काय आहे ते मांडते, कारण मला मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही.

हे पद तसं नवंच आहे. पूर्वी क्युरेटर मजकूर लिहून द्यायचा, डिझायनर तो टांगायचा, आणि शाळेच्या मुलांना यातलं काय समजावून सांगायचं हा प्रश्न शिक्षण विभागाला दालन उघडल्यावर पडायचा. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९८० च्या दशकात कार्यशाळा घेऊन वेगळी पद्धत रुजवायचा प्रयत्न केला: क्युरेटर, डिझायनर आणि शिक्षण विभागाचा माणूस यांनी पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाशी बसायचं. पाहणाऱ्याची बाजू मांडणाऱ्याला तिथे हक्काची खुर्ची मिळाली. संस्थेत ती खुर्ची तुमच्या घरातली असते. कंपनीत तुम्ही पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या टेबलाशी बसता, आणि पाहुण्याला मान असतो पण फडताळ उघडता येत नाही.

गोदामाची किल्ली

संस्थेतल्या नोकरीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे हे फडताळ. लिहिता लिहिता शंका आली तर नोंदणी विभागातल्या सहकाऱ्याला घेऊन गोदामात जायचं, खण उघडायचा, वस्तू बघायची. मागच्या बाजूला चिकटलेली जुनी चिठ्ठी, कुणीतरी केलेली ओबडधोबड डागडुजी, झिजलेली मूठ. फोटोत यातलं काही दिसत नाही आणि चांगलं लेबल बहुतेक वेळा यातूनच निघतं. कंपनीत हाती येते ती एक्सेल शीट: नोंदणी क्रमांक, मापं, साहित्य, एक फोटो. शंभर वस्तूंचं प्रदर्शन असेल तर त्यातल्या दहा-पंधरा प्रत्यक्ष पाहिलेल्या असल्या तरी नशीब.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत १९९२ साली फ्रेड विल्सन या कलाकाराने तिथल्याच संग्रहातून एक प्रदर्शन उभं केलं. त्यात नक्षीदार चांदीच्या भांड्यांच्या कपाटात त्याने गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या ठेवल्या. लेबल अगदी कोरडं: धातुकाम, १७९३ ते १८८०. भांडी त्या संस्थेची, बेड्याही त्याच संस्थेच्या. त्यांना शेजारी आणलं ते बाहेरून आलेल्या माणसाने. आत राहिलं की नजर मुरते, तशी ती सरावतेही. माझंच सांगते: संस्थेत पाचेक वर्षं झाल्यावर काही वस्तू मला दिसेनाशा झाल्या होत्या, नव्याने आलेल्या एका प्रशिक्षणार्थीने विचारलं तेव्हा त्या पुन्हा दिसल्या.

शेवटची सही

वॉशिंग्टनचं हॉलोकॉस्ट म्युझियम १९९३ मध्ये उघडलं. त्याच्या कायमस्वरूपी प्रदर्शनाची रचना राल्फ ॲपलबॉम असोसिएट्स या कंपनीची. या क्षेत्रात कंपनीकडे जाणारे बरेच जण असंच काहीतरी करायला मिळेल या ओढीने जातात, आणि ती ओढ चुकीची नाही. पण त्याच प्रदर्शनातला एक निर्णय बघा. ऑशवित्झ या नाझी छळछावणीत कापलेले स्त्रियांचे केस मांडावेत की नाही यावर तिथे मोठा वाद झाला. छावण्यांतून वाचलेल्या काहींचं म्हणणं होतं की ते आमच्या आयाबहिणींचे असू शकतात. शेवटी केस मांडले नाहीत, त्यांचा मोठा फोटो लावला. कपाट कसं असावं, उजेड किती असावा, हे डिझायनरला काढून दाखवता येतं. मांडावं की नाही हे मात्र संस्थेच्या बैठकीत ठरतं. कंपनीत असाल तर तुम्ही पर्याय देता, बाजू पटवून देता, आणि मग दाराबाहेर थांबता.

आत बसलात तर निर्णय जवळ येतो, तशी धगही जवळ येते. स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाने हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाभोवती मोठं प्रदर्शन आखलं होतं. माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि अमेरिकी संसदेतल्या सदस्यांनी आक्षेप घेतले, संहिता पुन्हा पुन्हा लिहिली गेली, आणि जानेवारी १९९५ मध्ये ते प्रदर्शन त्या रूपात रद्दच झालं. मे महिन्यात संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये विमानाच्या धडाचा पुढचा भाग आणि मोजकाच मजकूर असं साधं प्रदर्शन लोकांसमोर आलं. इतकं टोक सहसा गाठलं जात नाही. पण एका विशेषणावरून विश्वस्तांचा फोन येणं, देणगीदाराच्या पूर्वजांबद्दलचं वाक्य सौम्य करायची सूचना येणं, एखाद्या समाजाच्या प्रतिनिधींनी 'आमचं म्हणणं यात कुठे आहे' असं विचारणं, हे संस्थेत नेहमीचं आहे. त्यातलं तिसरं तर योग्यच असतं. कंपनीतल्या माणसापर्यंत हे सगळं गाळून पोहोचतं: 'क्लायंटने पॅनेल चार बदलायला सांगितलंय.' का, ते कळत नाही. काहींना यातच शांतता वाटते, आणि त्यात कमीपणाचं काही नाही.

साठ शब्द

खरा फरक मला मजकुरात जाणवला, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एका वस्तूच्या लेबलात साधारण पन्नास ते पंचाहत्तर शब्द बसतात. वाचणारा उभा असतो, बऱ्याचदा कुणाचा तरी हात धरून, मागून लोक येत असतात. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन इव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच फोटो छापून दाखवलं होतं की कपाटं आणि लेबलं नीट बघायची तर माणसाला किती वाकावं, गुडघे टेकावे, मान वेळावी लागते. म्युझियममध्ये येणारा थकवा हा शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला. तेव्हा ते साठ शब्द म्हणजे थकत चाललेल्या माणसाशी बोलण्याची संधी आहे, निबंधाचा सारांश नव्हे.

कंपनीत या साठ शब्दांना चौकट आधी मिळते आणि आशय नंतर. ग्राफिक पॅनेलची मापं ठरलेली असतात, छपाईची तारीख ठरलेली असते, अमुक दिवशी मजकूर गोठवायचा म्हणजे गोठवायचा. ही शिस्त मला फार उपयोगी पडली. तिथे तीन वर्षांत मी जितकं लिहिलं तितकं संस्थेत दहा वर्षांत होणार नाही. मेणबत्त्यांपासून पाणबुड्यांपर्यंत विषय हाताळले, आणि न कळणाऱ्या विषयातही नेमका प्रश्न कसा विचारायचा ते शिकले.

संस्थेत तोच मजकूर महिनोन्महिने फिरतो. क्युरेटर त्यात दोन तारखा आणि एक 'बहुधा' घालतो. संवर्धक, म्हणजे वस्तूंची निगा राखणारी तज्ज्ञ, सांगते, हा रंग मूळचा नाही. शिक्षण विभाग विचारतो, 'पातिना' म्हणजे काय हे कुणाला कळणार? भाषांतर झालं की दुसऱ्या भाषेत ओळी वाढतात आणि सगळं पुन्हा कापावं लागतं. अकरावा मसुदा पहिल्यापेक्षा वाईट निघाल्याचंही मी पाहिलंय. पण एक गोष्ट तिथेच जमते. साध्या कागदावर लेबल छापायचं, चिकटपट्टीने जुन्या दालनात लावायचं आणि बाजूला उभं राहायचं. लोक कुठे थांबतात, कुठे ओठ हलवत पुन्हा वाचतात, कुठे शेजारच्याला बोट दाखवून काहीतरी सांगतात, ते बघायचं. संध्याकाळी मजकूर बदलायचा, सकाळी पुन्हा लावायचा. कंपनीच्या करारात याला 'फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन' म्हणतात आणि बजेट आवळलं की पहिली कात्री त्यावरच पडते. संस्थेत त्याला लागतो एक प्रिंटर आणि साहेबांची तोंडी परवानगी.

सातव्या महिन्यात काय?

कंपनीत असताना आम्ही एका कायमस्वरूपी दालनाच्या मधोमध एक जुनं सुती वस्त्र ठेवायचं ठरवलं. कपाट त्याच्या मापाने काढलं, सगळी कथा त्याच्याभोवती विणली. सादरीकरण छान रंगलं. शेवटी संवर्धकाने एकच विचारलं: 'सातव्या महिन्यात इथे काय असेल?' कापड, कागद, जलरंग यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड चालत नाही, आणि उजेडाने झालेलं नुकसान साचत जातं, भरून येत नाही. त्यामुळे अशी वस्तू काही महिन्यांनी उतरवून अंधारात विश्रांतीला ठेवावी लागते. दालनाचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, आणि आमच्याकडे बदली वस्त्र एकही नव्हतं. संस्थेत हा प्रश्न पहिल्याच चहाला आला असता, कारण ती संवर्धक दोन दारं सोडून बसते.

जुनी वास्तू हीच वस्तू असेल तर गोष्ट आणखी अवघड. भिंतीला खिळा मारायचा नाही, जे लावू ते उद्या खूण न ठेवता काढता आलं पाहिजे, पॅनेलने वास्तूच झाकली जाता कामा नये. 'इकोमॉस' या स्मारकं आणि वारसास्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ मध्ये क्यूबेकमध्ये स्वीकारलेली वारसास्थळांच्या इंटरप्रिटेशनची सनद इथे दोन्हीकडच्यांनी वाचावी. तिच्या सात तत्त्वांत अस्सलपणा आणि शाश्वतता यांच्याबरोबरीने संशोधन, प्रशिक्षण आणि मूल्यमापनही आहे. उघडलं म्हणजे संपलं नाही, असंच ती सनद सांगते.

वेग, पैसा, नाव

हे थोडक्यात. कंपनीत एका वेळी तीन-चार प्रकल्प चालू असतात, संस्थेत एकच दालन तीन वर्षं चालतं आणि मधेच निधी थांबला तर पाचही. कंपनीत काम मिळालं तर रात्री जागवायच्या आणि नाही मिळालं तर माणसं कमी करायची, हे चक्र असतं. संस्थेतली कायम जागा टिकते, पण अलीकडे बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या कराराच्या असतात. जाहिरातीतली ती ओळ दोनदा वाचा. बढतीची शिडी संस्थेत आखूड: वरची खुर्ची रिकामी झाल्याशिवाय हलता येत नाही. श्रेयनामावलीत नाव कंपनीवाल्यांचं चटकन येतं, आणि नव्या नोकरीसाठी दाखवायला तुमच्याकडे सात दालनांचे फोटो असतात. संस्थेतल्या माणसाकडे एका दालनाचे सातशे असतात.

उद्घाटनानंतरचा सोमवार

कंपनीत उद्घाटनानंतर उरलेल्या किरकोळ दुरुस्त्यांची यादी येते: इथे पोपडा निघालाय, तिथे शुद्धलेखनाची चूक. ती संपली की तुम्ही पुढच्या प्रकल्पावर. ज्यांना नव्या कोऱ्या पानाचं वेड आहे त्यांच्यासाठी यासारखं सुख नाही. मला मात्र एक हुरहूर लागायची. आपण लिहिलेलं कुणी वाचतं का, हे कधी कळायचंच नाही.

संस्थेत त्या सोमवारी तुम्ही दालनात असता. पाहणाऱ्यांनी खेचून बघायची मूठ दहा दिवसांत निखळते, आणि तिचा सुटा भाग मागवायला कुणी सांगितलेलंच नसतं. लोक बाणाच्या उलट दिशेने फिरतात. कोपऱ्यातलं ज्याच्यावर तुम्ही जीव लावला होता ते पॅनेल कुणी बघत नाही, आणि घाईत लिहिलेल्या लेबलापाशी गर्दी होते. सगळ्यात जास्त माहिती दालनातल्या पहारेकऱ्यांकडे असते. 'ताई, दिवसातून वीस जण मला विचारतात की हे खरं आहे की नक्कल,' असं एकाने सांगितलं, आणि 'मूळ वस्तू' हे दोन शब्द त्या लेबलाच्या पहिल्या ओळीत गेले. तेही पुन्हा छपाईचे पैसे मिळायला आठ महिने लागले, हेही खरं. मधले आठ महिने पहारेकरीच उत्तर देत होता.

तुम्हाला हे वाचून कंटाळा आला असेल तर कंपनीत जा, मनापासून सांगते. तिथे तुम्ही आनंदात राहाल आणि कामही उत्तम कराल. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कंपनीत काढून मग संस्थेत येणं हा रस्ता मला स्वतःला लाभला. उलटा प्रवास केलेल्यांना ड्रॉइंग वाचणं आणि तारखा पाळणं जड गेलेलं मी पाहिलंय.

मुलाखतीत दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच विचारा: मजकुरावर शेवटची सही कुणाची? त्यापुढे संस्थेला विचारा की गोदामात जायला मला किती परवानग्या लागतील, आणि उद्घाटनानंतरच्या बदलांसाठी वेगळी रक्कम ठेवता का. कंपनीला विचारा की लेखक प्रकल्पात कधी येतो, संकल्पनेच्या वेळी की पॅनेलची मापं ठरल्यावर. आणि संस्थेच्या मुलाखतीला तासभर लवकर जाऊन त्यांचं सगळ्यात जुनं दालन बघा. मुलाखत कंपनीत असेल तर त्यांनी पाच वर्षांपूर्वी केलेलं एखादं दालन गाठा. बंद पडलेला स्क्रीन, हाताने दुरुस्त केलेली तारीख, नंतर जोडलेलं एखादं लेबल. तिथे असलेल्या पहारेकऱ्याला विचारा, हे कुणी बदललं?