पहिले मोठे हिमवादळ केव्हा? अंदाजाच्या वाटा आणि त्यांचा भरवसा

न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या परिसरातील मराठी घरांत ऑक्टोबर सरत आला की तीन निर्णय एकदम दाराशी येऊन उभे राहतात. गाडीला हिवाळी टायर कधी बसवायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराशी संपूर्ण हंगामाचा ठराव करायचा की प्रत्येक फेरीचे पैसे मोजायचे, आणि उन्हाळ्यात आलेल्या आई-बाबांचे परतीचे तिकीट कोणत्या आठवड्याचे काढायचे. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे यंदाचे पहिले मोठे हिमवादळ केव्हा येणार. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा करणारे मार्ग अनेक आहेत, परंतु ते सारे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, आणि निवड करताना गोंधळ होतो तो नेमका येथेच.

प्रथम 'मोठे' म्हणजे किती, हे ठरवून घेतलेले बरे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा न्यूयॉर्क परिसरात साधारणतः १२ तासांत ६ इंच बर्फ अपेक्षित असेल तेव्हा हिमवादळाचा पक्का इशारा देते. 'ब्लिझर्ड' हा शब्द मात्र बर्फाच्या जाडीवर ठरत नाही. ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यमानता किमान तीन तास टिकली, तरच तो वापरला जातो. घरगुती निर्णयांसाठी ६ इंचांची मोजपट्टी पुरेशी आहे, कारण त्याखालचा बर्फ बहुधा फावड्याने आणि मिठाने आटोक्यात येतो.

सर्वांत जुना आणि फुकटचा मार्ग म्हणजे मागील नोंदी पाहणे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील बर्फाच्या नोंदी १८६९ पासूनच्या आहेत. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची हंगामी सरासरी तेथे २९.८ इंच, बॉस्टनला ४९.२ इंच आणि न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला इरी सरोवराकाठी असलेल्या बफेलोला ९५.४ इंच येते. हे आकडे भरवशाचे वाटतात, परंतु तारखा तपासू लागलो की ते फारसे कामाला येत नाहीत. २०१०-११ च्या हिवाळ्यात सेंट्रल पार्कात पहिले मोठे वादळ २६ डिसेंबरला आले आणि त्याने २० इंच बर्फ टाकला. २०१८ मध्ये १५ नोव्हेंबरलाच ६.४ इंच पडले. २०१५-१६ च्या हिवाळ्यात नाताळच्या आदल्या दिवशी पारा ७२ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सियसवर होता, आणि त्यानंतर महिन्याच्या आत, २२ ते २४ जानेवारीच्या वादळाने २७.५ इंचांचा तेथील विक्रम केला. २०२२-२३ मध्ये तर मोजता येण्याजोगा पहिला बर्फ १ फेब्रुवारीला पडला, हंगामाची बेरीज अवघी २.३ इंच झाली, आणि मोठे वादळ आलेच नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून 'यंदा नाहीच' इथपर्यंतचा हा पल्ला पाहता सरासरी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्यात अर्थ नाही. नोंदींचा उपयोग वेगळा आहे: कोणत्या तारखेपूर्वी धोका नगण्य असतो, हे त्या सांगतात, आणि त्यातही अपवाद पदरात घालतात. २९ ऑक्टोबर २०११ रोजी झाडांवर पाने असतानाच ओला, जड बर्फ पडला, फांद्या विजेच्या तारांवर कोसळल्या आणि ईशान्य अमेरिकेत तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. सेंट्रल पार्कात तेव्हा पडला होता जेमतेम २.९ इंच, बर्फाच्या जाडीपेक्षा पानांनी अधिक नुकसान केले.

गावाचा फरक येथे वर्षाच्या फरकाइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि त्यामागचे कारण मला या संपूर्ण विषयातील सर्वांत रोचक बाब वाटते. नॉरईस्टर म्हणून ओळखली जाणारी किनाऱ्याची वादळे कॅनडातून उतरणारी थंड हवा आणि अटलांटिकवरील उबदार, दमट हवा यांच्या सीमेवर फोफावतात. वारा ईशान्येकडून येतो म्हणून हे नाव. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्र अजून बराच उबदार असल्याने समुद्रावरून येणारा तोच वारा किनाऱ्यालगतची हवा गोठणबिंदूच्या वर खेचतो आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. पाऊस आणि बर्फ यांमधील सीमारेषा पुष्कळदा आय-९५ महामार्गाच्या आसपास घुटमळते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला छत्री आणि तासाभराच्या अंतरावरील डोंगराळ भागात फावडे, असे एकाच संध्याकाळी घडू शकते. बफेलोला मात्र याच्या नेमके उलट घडते. तेथे उबदार पाणी हेच बर्फाचे भांडवल असते. इरी सरोवराचा पृष्ठभाग आणि त्यावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांत १३ अंश सेल्सियस किंवा अधिक तफावत पडली की सरोवरावरून ढगांचे अरुंद पट्टे उठतात आणि एकाच उपनगरावर तासन्‌तास बर्फ ओततात. म्हणूनच तेथील पहिला मोठा फटका लवकर बसतो: नोव्हेंबर २०१४ मध्ये काही भागांत पाच फुटांहून अधिक, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क येथे सुमारे ८० इंच. सरोवर गोठले की हा कारखाना मंदावतो. बफेलोतील मित्राच्या अनुभवावरून न्यू जर्सीत टायर बदलण्याची घाई करणे, किंवा न्यू जर्सीतील नातेवाइकाच्या निश्चिंतीवरून बफेलोत दिवस ढकलणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे.

दुसरा मार्ग हंगामी भाकितांचा. ऑक्टोबरच्या मध्यास अमेरिकी शासनाचे हवामान पूर्वानुमान केंद्र हिवाळ्याचा अंदाज प्रसिद्ध करते. त्यातले नकाशे तीन महिन्यांचे सरासरी तापमान आणि एकूण पर्जन्य सामान्यापेक्षा अधिक, जवळपास की कमी राहील, याची संभाव्यता दाखवतात. बर्फ किती पडेल, हे ते सांगत नाहीत; पहिले वादळ कधी येईल, हे तर नाहीच. एल निनो आणि ला निना यांचा त्यात मोठा वाटा असतो आणि मान्सूनच्या चर्चेमुळे आपल्याला ती नावे परिचित आहेत, म्हणून त्यांवर विश्वास ठेवण्याचा मोह अधिक होतो. परंतु २०१०-११ आणि २०११-१२ हे दोन्ही हिवाळे ला निनाचे होते. पहिल्यात सेंट्रल पार्कात ६१.९ इंच पडले आणि दुसऱ्यात ७.४. एकाच खुणेखाली इतकी तफावत असेल, तर ती खूण गल्लीतल्या पहिल्या वादळाची तारीख काय सांगणार?

लोकपरंपरेतील भाकितेही याच पंक्तीत बसतात. १७९२ पासून निघणारे ओल्ड फार्मर्स अल्मनॅक वर्षभर आधी हवामानाचे वेळापत्रक छापते आणि सुमारे ८० टक्के अचूकतेचा दावा करते. केसाळ सुरवंटाच्या अंगावरील तांबूस पट्टा अरुंद असेल तर हिवाळा कडक, असेही अनेक जण मानतात. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला बांधले यावरून पावसाचा अदमास घेणाऱ्या आणि पंचांगात यंदा मृगाचे वाहन बेडूक आहे की म्हैस हे उत्सुकतेने पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला हसण्याचे कारण नाही. गप्पांसाठी ते सारे उत्तम आहे. तिकीट मात्र सुरवंट पाहून काढू नये.

तिसरा मार्ग संगणकीय मॉडेलांचा, आणि खरी चुरस येथे आहे. अमेरिकी जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालते आणि सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे देते. हे नकाशे सर्वांना खुले असल्याने बाराव्या दिवशी दोन फूट बर्फ दाखवणारे एखादे रंगीत चित्र दर नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर फिरते, आणि सहा तासांनी आलेल्या पुढच्या फेरीत ते वादळ नाहीसे झालेले असते, ते चित्र मात्र कोणी फिरवत नाही. याचे कारण बॉस्टनला लागूनच असलेल्या एमआयटीतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते: सुरुवातीच्या मोजणीतील अत्यल्प चूक वाढत जाते आणि सुमारे दोन आठवड्यांनंतर दैनंदिन हवामानाचा तपशील हाती राहत नाही. म्हणून एका फेरीऐवजी समूह-अंदाज पाहावेत. त्यांत सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवले जाते. युरोपीय हवामान केंद्राच्या समूहात ५१ फेऱ्या असतात आणि अमेरिकी समूहात ३१. दहाव्या दिवशी ५१ पैकी चार फेऱ्यांत वादळ दिसत असेल तर ती केवळ दखल घेण्याची बाब. तीसेक फेऱ्यांत दिसत असेल आणि सलग दोन-तीन दिवस तसेच टिकत असेल, तर कामाला लागण्याची. त्याच सुमारास ग्रीनलंडजवळ उच्च दाबाचा अडसर तयार होत असल्याचे दिसले, ज्याला जाणकार उत्तर अटलांटिक दोलनाची ऋण अवस्था म्हणतात, तर थंड हवा ईशान्य अमेरिकेत अडून राहण्याची शक्यता वाढते आणि माझ्या लेखी त्या अंदाजाचे वजन दुप्पट होते.

समूह-अंदाजही चकवतात. जानेवारी २०१६ चे वादळ जवळजवळ आठवडाभर आधी नकाशांवर आले आणि बहुतांश ठरल्याप्रमाणे पार पडले. डिसेंबर २०१० चे वादळ मात्र आधी दिसले, मग मॉडेलांनी ते समुद्रात ढकलले आणि नाताळच्या तोंडावर पुन्हा किनाऱ्याशी आणले. सुट्टीसाठी निघालेल्यांना तयारीला दीड-दोन दिवसच मिळाले.

चौथा मार्ग स्थानिक हवामान कार्यालयाचा: न्यूयॉर्क शहरासाठी अप्टन, मध्य व दक्षिण न्यू जर्सीसाठी माउंट हॉली, बॉस्टनसाठी नॉर्टन. वादळाच्या एक-दोन दिवस आधी 'वॉच', म्हणजे सावध राहण्याची सूचना, आणि खात्री वाढल्यावर 'वॉर्निंग', म्हणजे पक्का इशारा, अशी त्यांची चढण असते. या कार्यालयांच्या संकेतस्थळांवर बर्फाच्या अपेक्षित आकड्यासोबत किमान आणि कमाल शक्यतेचेही नकाशे मिळतात, आणि माझ्या मते संपूर्ण मोफत साहित्यात त्यांच्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही, कारण 'आठ इंच' या एका आकड्यापेक्षा 'तीन ते चौदा' ही कक्षा अंदाजाचा खरा कच्चेपणा उघड करते. २६ जानेवारी २०१५ रोजी न्यूयॉर्कला दोन फुटांपर्यंतचा आणि त्याहून अधिक बर्फाचा इशारा होता, बर्फासाठी इतिहासात प्रथमच भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली, आणि सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. वादळ थोडेसे पूर्वेला सरकले होते. बॉस्टनला त्यातून २४.६ इंच मिळाले. माउंट हॉली कार्यालयाचे प्रमुख गॅरी शाटकोव्स्की यांनी तेव्हा जाहीर माफी मागितली. उलट १५ नोव्हेंबर २०१८ ला अंदाज कमी होता आणि बर्फ अधिक पडला; संध्याकाळी कामावरून परतणारे लोक तासन्‌तास रस्त्यांवर अडकले आणि न्यू जर्सीत काही विद्यार्थ्यांना शाळेतच रात्र काढावी लागली. म्हणजे अखेरच्या दिवशीही वादळ येणार हे कळते, किती पडणार हे पूर्णपणे कळत नाही.

आता निर्णयांकडे. टायरसाठी मी कोणतेही भाकीत पाहणार नाही. सामान्य टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागते, त्यामुळे हिवाळी टायरचा लाभ बर्फाविनाही मिळतो, आणि आठवडाभर लवकर बसवल्याचा तोटा किरकोळ झिजेपलीकडे नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने तर १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत कायद्यानेच ठरवून टाकली आहे. न्यू जर्सीत थँक्सगिव्हिंगपूर्वीचा (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाआधीचा) आठवडा आणि बफेलोत त्याच्याही तीनेक आठवडे आधीचा, हा नोंदींवर आधारलेला हिशेब पुरेसा आहे. समूह-अंदाजात वादळ दिसेपर्यंत थांबणाऱ्याला गॅरेजमध्ये वेळच मिळत नाही, कारण तेच चित्र साऱ्या गावाने पाहिलेले असते.

कंत्राटदाराच्या बाबतीत पहिल्या वादळाची तारीख जवळजवळ गैरलागू आहे. प्रश्न एकूण फेऱ्यांचा असतो. लवकर आलेले वादळ पुढच्या हिवाळ्याची ग्वाही देत नाही: ऑक्टोबर २०११ च्या त्या उत्पातानंतर उरलेल्या हंगामात सेंट्रल पार्कात केवळ साडेचार इंच पडले. कंत्राटदार पहिल्या बर्फानंतर लगेच येऊन 'यंदा भरपूर पडणार' म्हणून हंगामी ठराव पुढे करील, तेव्हा हा आकडा आठवावा. ज्यांना एका वाईट हिवाळ्याचा खर्च झेपणार नाही किंवा ज्यांच्याकडून फावडे उचलवत नाही, त्यांनी हंगामी ठराव करावा; इतरांनी किनारपट्टीत फेरीनिहाय पैसे द्यावेत. हा विमा घेण्या-न घेण्याचा निर्णय आहे आणि तो तसाच घ्यावा.

तिकिटाचे गणित सर्वांत अवघड, कारण ते दोन-तीन महिने आधी काढावे लागते आणि त्या अंतरावर नोंदींखेरीज एकही मार्ग बोलत नाही. नोव्हेंबरची पहिली पंधरवडी किनाऱ्यावर बऱ्यापैकी सुरक्षित. डिसेंबरचा उत्तरार्ध वादळापेक्षाही गर्दीमुळे वाईट, कारण एक विमान रद्द झाले तर पुढच्या चार दिवसांत जागा नसते. जायचेच असेल तर थेट विमान घ्यावे, शिकागोसारख्या बर्फाळ ठिकाणी बदल टाळावा, आणि प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून रोज एकदाच, ठरावीक वेळी समूह-अंदाज पाहावा. वादळ जवळ येऊन ठेपले की विमान कंपन्या बहुधा बदलाचे शुल्क माफ करतात. ती घोषणा होताच, 'वॉर्निंग'ची वाट न पाहता, आई-बाबांची तारीख एक दिवस अलीकडे ओढावी. पलीकडे ढकललेल्या प्रवाशांची रांग नेहमीच लांब असते.