बेसमेंटचं परमिट: स्वतः काढायचं की कॉन्ट्रॅक्टरवर सोडायचं?

नॉर्दर्न व्हर्जिनियात घर घेतलेल्या आपल्या मंडळींमध्ये हा विषय सारखा निघतो, आईवडील राहायला आले की एक खोली कमी पडते आणि खाली अख्खं बेसमेंट नुसतं काँक्रीट घेऊन पडलेलं असतं. परमिट लागतं का यावर वेळ घालवत नाही, भिंती, वायरिंग, प्लंबिंग यातलं काही आलं की लागतंच. खरा प्रश्न असा की ते कोणाच्या नावावर काढायचं. मी दोन्ही केलंय, आधी डेक केला तेव्हा परमिट कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर होतं आणि नंतर बेसमेंट केलं तेव्हा माझ्या स्वतःच्या. दोन कामं वेगळी आहेत हे मान्य, तरी परमिटच्या ऑफिसशी गाठ पडण्याची पद्धत तीच असते, म्हणून तुलना करतोय.

त्याआधी एक गोष्ट, कारण इथेच बरेच जण चुकीच्या दारात जातात. पोस्टाच्या पत्त्यावरून ऑफिस ठरवू नका. पत्त्यात अलेक्झांड्रिया लिहिलेलं असतं पण घर फेअरफॅक्स काउंटीत असतं असे कितीतरी पत्ते आहेत, आणि व्हर्जिनियात सिटी ही काउंटीच्या बाहेरची, स्वतंत्र असते, त्यामुळे सिटीचं ऑफिस वेगळं, काउंटीचं वेगळं. टाउनचा आणखी वेगळा प्रकार, लीसबर्गमध्ये झोनिंग, म्हणजे जागा कशासाठी वापरायची याचे नियम, टाउन बघतं पण बिल्डिंग परमिट लाउडन काउंटी देते. काउंटीच्या मालमत्तेच्या नोंदीत आपलं घर एकदा शोधून बघा, पाच मिनिटांत कळतं.

आता कॉन्ट्रॅक्टरची बाजू, आणि ती कमी नाही. लायसन्स त्याचं, अर्ज त्याचा, कोडला धरून काम करायची जबाबदारी कागदोपत्री त्याची. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने फसवलं तर व्हर्जिनियात भरपाईसाठी राज्याचा एक फंड आहे, बिनलायसन्सवाल्याकडून काम करून घेतलं तर त्याचा उपयोग नाही. शिवाय नकाशा कसा लागतो, कुठल्या इन्स्पेक्शननंतर कुठलं, हे त्याला पाठ असतं. दोघंही नोकरी करणारे असतील आणि दिवसभर मीटिंगा असतील तर हा मार्ग सोपा वाटणं साहजिक आहे आणि बऱ्याच जणांना तो व्यवस्थित लाभलेलाही आहे, मी ओळखतो अशा लोकांना.

मला जे खटकलं आणि ज्याच्यामुळे पुढच्या वेळी मी मार्ग बदलला ते असं. परमिटच्या अर्जावर ज्याचं नाव, काउंटीचे मेल त्यालाच जातात. नकाशा तपासणाऱ्याने काही त्रुटी काढली तर ती त्याच्या इनबॉक्समध्ये, इन्स्पेक्शनचा निकाल त्याच्याकडे, फी बाकी आहे हेही त्याच्याकडे. घर माझं, पैसे माझे, खोदलेलं अंगण माझं, आणि काय चाललंय हे मला कळणार ते कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं तर. डेकच्या वेळी विचारलं की उत्तर एकच, काउंटीत अडकलंय, तिकडे खूप लोड आहे. मी पण ते खरं धरून चाललो होतो, सरकारी काम म्हणजे वेळ लागणारच अशी आपली समजूत असतेच. शेवटी काउंटीच्या परमिट काउंटरला फोन केला तर पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की आमच्याकडे काहीच पेंडिंग नाहीये, फुटिंग म्हणजे खांबांचा पाया किती खोल आहे ते आणि डेक घराला जोडणाऱ्या लेजरचं, म्हणजे त्या फळीचं, डिटेल नकाशात दाखवा असं आम्ही कळवलंय, सुधारित नकाशाची आम्हीच वाट बघतोय. म्हणजे दोन ओळींची दुरुस्ती होती, आणि ती त्या माणसाच्या मेलमध्ये न उघडता पडून होती, कारण त्याच्या हातात त्याच वेळी दुसऱ्या कोणाचं मोठं काम होतं. वाईट माणूस नव्हता, सुतारकाम उत्तम केलं, डेक आजही एक इंच हललेला नाही. पण त्या सगळ्या काळात मी काउंटीला दोष देत बसलो होतो आणि काउंटीने तिचं काम केलेलं होतं, हे मला फार लागलं.

म्हणून बेसमेंटचा अर्ज मी माझ्या नावावर केला. व्हर्जिनियाच्या कायद्यात घरमालकाला ही मुभा आहे, स्वतःच्या मालकीचं राहतं घर, स्वतःच्या वापरासाठी, २४ महिन्यांत असं एकच, आणि आपल्याला कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स का लागत नाही याचं शपथपत्र अर्जासोबत द्यायचं. भाड्याने दिलेल्या टाउनहाउससाठी हाच रस्ता आहे असं धरून चालू नका, आधी विचारा.

नकाशा मी स्वतः काढला, ग्राफ पेपरवर, मापं टेपने घेऊन. साध्या बेसमेंटला आर्किटेक्ट लागत नाही, पण काय दाखवायचं ते नीट दाखवावं लागतं: प्रत्येक खोली कशासाठी आहे, हीटिंग-एसीचा डक्ट खाली येतो तिथे छताची उंची किती उरते, स्मोक अलार्म कुठे. बेडरूम म्हटलं की आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी आली, आणि तिथे थोडं लक्ष द्या. उघडल्यावर मोकळी जागा रुंदीला किमान २० इंच आणि उंचीला किमान २४ इंच हवी असं वाचून लोक तेवढीच खिडकी आणतात, पण दोन्ही किमान मापं धरली तर एकूण क्षेत्रफळाची अट भरतच नाही, ती वेगळी अट आहे, आणि खिडकीची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. खिडकीसाठी भिंत कापायची आणि बाहेर खोदायचं म्हणजे जमिनीखालच्या वायरी-पाइपांच्या खुणा करून घ्यायला आधी ८११ ला कळवायचं, आणि बाहेरून घर बदलतंय म्हणून एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाची, परवानगी आणखी वेगळी, काउंटीने हो म्हटलं म्हणजे एचओएने म्हटलं असं होत नाही. खाली आईला चहापुरता ओटा आणि सिंक करायचं ठरवलं तर ठीक, स्टोव्ह आला की ते दुसरं किचन धरलं जाऊ शकतं आणि मग झोनिंगचा विषय सुरू होतो.

माझ्याही नकाशावर त्रुटी निघाल्याच. पण मेल मला आला, त्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर दुरुस्त करून पीडीएफ परत चढवली. सगळा फरक एवढ्यातच आहे. किती दिवस वाचले हे मी मोजलेलं नाही आणि मोजलं तरी तुमच्या काउंटीत तेवढेच वाचतील असं नाही, पण कुठे काय थांबलंय हे रोज माहीत असणं याने डोकं शांत राहतं, आणि मला वाटतं पैशापेक्षा ते मोठं आहे.

इन्स्पेक्शनच्या वेळीही मालक हजर असल्याचा फायदा झाला. ड्रायवॉल लावायच्या आधी सगळं उघडं ठेवून दाखवायचं असतं, इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन भिंतीतला एकेक स्टड, म्हणजे उभं लाकूड, बघत गेला, जिथे वायर लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत होती तिथे लोखंडी पट्टी ठोकलीय का ते बोटाने चाचपून बघितलं, कारण नंतर कोणी फोटो टांगायला स्क्रू मारला तर तो थेट वायरमध्ये जाईल. डक्टभोवतीच्या खोक्याशी भिंत जिथे मिळते तिथली फट बंद करायला सांगितली, आग भिंतीच्या पोकळीतून वर चढते म्हणून. हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं, कॉन्ट्रॅक्टर असता तर मला फक्त फेल झालं एवढंच कळलं असतं.

तोटे लपवत नाही. वेळ तुमचा जातो, इन्स्पेक्शनच्या दिवशी घरी थांबावं लागतं, आणि काही चुकलं तर बोट दाखवायला समोर कोणी नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर तुम्हीच शोधायचे, त्यांची लायसन्स तुम्हीच तपासायची. मी ती दोन कामं लायसन्सवाल्यांकडूनच, त्यांच्या नावाच्या वेगळ्या परमिटवर करून घेतली, तिथे हौस करू नये असं माझं मत आहे. आणि परमिट काढून सहा महिन्यांत काम सुरू झालं नाही किंवा मध्येच तेवढा काळ बंद पडलं तर परमिट बाद होऊ शकतं, त्यामुळे भारतात लांब सुट्टीवर जायचं असेल तर हिशोब करून अर्ज करा.

भिंतीवर वरच्या मजल्याचा भार असेल, घराला नवी खोली जोडायची असेल, तर माझा कौल सरळ कॉन्ट्रॅक्टरला आणि इंजिनीअरला. दुकान किंवा डेकेअरचं तर विचारूच नका, तिथे आर्किटेक्टच्या शिक्क्याचे नकाशे, फायर मार्शल, खाण्याचं असेल तर हेल्थ डिपार्टमेंट, शेवटी जागा वापरायला परवानगी देणारा ऑक्युपन्सीचा दाखला, आणि भाडं पहिल्या दिवसापासून चालू. तिथे परमिटचीच कामं करणारा माणूस पैसे देऊन ठेवणं स्वस्त पडतं.

साधं बेसमेंट, एक खोली, एक बाथरूम, आणि आठवड्यातून काही तास काढता येत असतील तर मी स्वतः काढा म्हणेन. तरीही कॉन्ट्रॅक्टरकडूनच काढायचं ठरलं तर करारातच लिहून घ्या की परमिट नंबर मिळाल्या दिवशी तो तुम्हाला देईल, काउंटीचा प्रत्येक मेल पुढे पाठवेल आणि शेवटचा हप्ता फायनल इन्स्पेक्शन पास झाल्यावरच मिळेल. नंबर हातात असला की काउंटीच्या पोर्टलवर स्थिती बहुतेक तुमची तुम्हाला बघता येते. आणि कॉन्ट्रॅक्टर स्वतःच म्हणाला की परमिट तुम्ही काढा, काम मी करतो, तर ती मी वर सांगितलेली मालकाची मुभा नव्हे, कदाचित त्याच्याकडे लायसन्सच नसेल, तेव्हा त्याचं लायसन्स राज्याच्या डीपीओआरच्या, म्हणजे व्यवसायांची लायसन्स बघणाऱ्या खात्याच्या, साइटवर शोधा आणि सापडलं नाही तर ॲडव्हान्स देऊ नका.