गिअरबॉक्स न उतरवताच घेतलेले ६२ हजार

पार्किंगच्या फरशीवर तळहाताएवढा तपकिरी, तेलकट डाग दिसला आणि मी घाबरलो. पुढचं सगळं त्या घाबरण्यातूनच झालं. गाडी अकरा वर्षांची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारी) ऑटोमॅटिक. आदल्याच रात्री साताऱ्याहून पुण्याला परतलो होतो.

सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजात नेली. मालकाने गाडी लिफ्टवर घेतली आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात तो भाग बॅटरीच्या उजेडात दाखवला. ओला होता, थेंब तिथूनच पडत होता. "साहेब, फ्रंट सील, म्हणजे बॉक्सच्या तोंडाशी तेल अडवणारी रिंग, गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अशीच चालवलीत तर क्लच प्लेटा जळतील, मग दीड लाख धरा." डोळ्यांसमोर थेंब पडत असताना शंका कुठून येणार? ६२ हजार ठरले. चार दिवसांनी गाडी मिळाली, खालून लख्ख पुसलेली. जुनं सील म्हणून एक रबरी रिंग हातात दिली. बिल कच्चं, कारण पक्कं घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी. तिथे मी गप्प बसलो, हे मला आजही लागतं.

बाराव्या दिवशी डाग परत. फोन केला तर म्हणे, नवीन सील बसायला वेळ लागतो. नंतर फोन उचलणंच बंद.

मित्राने भोसरीतल्या एका वयस्क मेकॅनिककडे पाठवलं. काकांनी आधी काहीच खोललं नाही. तेलाचा चिकटा काढणारं डीग्रीझर मारून खालचा सगळा भाग धुतला, हवा मारून सुकवला, वीस मिनिटं गाडी फिरवून आणली आणि मग वरून खाली बघत गेले. "थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. तेल वरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची." ती सापडली रेडिएटरपाशी. गिअरबॉक्सचं ऑइल थंड व्हायला तिथे जातं, त्या होजचा (रबरी नळीचा) दाबून बसवलेला सांधा पाझरत होता. होज, क्लॅम्प, कमी झालेलं ऑइल आणि मजुरी मिळून २,३०० रुपये.

मग त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. गिअरबॉक्स इंजिनला धरून ठेवणारे बोल्ट दाखवले. त्यांवर वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज तसाच, पान्याचा एकही ओरखडा नाही. डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या फडक्यावर टेकवलं, तर गडद तपकिरी. बॉक्स खरंच उतरवून नवं ऑइल भरलं असतं, तर ते लालसर दिसलं असतं. आणि ती रबरी रिंग? माझ्या गाडीच्या फ्रंट सीलच्या निम्म्या मापाचीही नव्हती.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर रात्री पांढरा पुठ्ठा अंथरा. लाल किंवा तपकिरी, तेलकट डाग असेल तर गिअरबॉक्सचा संशय घ्या, पण जुनं इंजिन ऑइलही तपकिरी-काळं असतं, म्हणून पुठ्ठ्यावर डाग गाडीच्या कुठल्या भागाखाली पडला तेही टिपून ठेवा. हिरवं किंवा गुलाबी आणि पातळ असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. ऑइल जास्त भरलं तरी फेस होऊन ते ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून) बाहेर येतं, तेव्हा पातळी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीनेच तपासून घ्या. धुऊन, सुकवून, चालवून बघितल्याशिवाय कोणी बॉक्स उतरवायचं म्हणाला, तर गाडी तिथून काढा. उतरवायचाच असेल तर आधी बोल्टांवर रंगाची खूण करा आणि बॉक्स खाली असताना स्वतः जाऊन बघा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पक्कं बिल नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते आणि 'गिअरबॉक्स उतरवला, काम चालू आहे' हा मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहे. बोल्टांचे फोटोही जोडलेत. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, माझे अजून पाच महिनेही झालेले नाहीत.