टीव्ही, टॅब, डबा की साधा फोन? ऊसतोडीची आणि गावची पोरं एका वर्गात असतील तर काय घ्यावं

दसऱ्यानंतर आमच्या शाळेत एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची बैठक झाली. माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक लाख रुपये जमवले होते आणि शाळा डिजिटल करायची, एवढा एकच विषय होता. अध्यक्षांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पंचावन्न इंची टीव्ही घ्या की गुरुजी. माणूस आत शिरला की समोर दिसला पाहिजे." एकजण म्हणाला, टॅब घेऊ, शेजारच्या गावात आलेत. मी गप्प होतो. माझ्या डोक्यात दिवाळीनंतर येणारी पोरं होती. कारखान्याचा भोंगा वाजायला लागला की बीड, धाराशिव, जत, विजापूर भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तळावर उतरतात, खोपटी उभी राहतात, आणि त्यातली दहा-पंधरा लेकरं आमच्या वर्गात येतात. येतात म्हणजे जाऊन आणावी लागतात. मार्च-एप्रिलात ती एका रात्रीत निघूनही जातात.

चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग, निपाणी या कर्नाटकातल्या ऊसपट्ट्यात असाच थोडाफार पैसा हाताशी असलेल्या शाळांसाठी हे लिहितोय. टीव्ही, टॅब, डबा (नेटशिवाय चालणारा छोटा संगणक) आणि साधा फोन, हे चारही पर्याय मी कमीअधिक वापरून बघितलेत, त्यामुळे मताला धार आहे. ती तुम्ही हवी तर बोथट करून घ्या.

असल्या वर्गाचा विचार जगात जास्तीत जास्त झालाय तो निर्वासितांच्या छावण्यांत. केनियातल्या दादाब छावणीत २०१३ साली व्होडाफोन फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं तयार वर्ग पोचवायला सुरुवात केली. पुढे त्याचीच एक पेटी निघाली: २५ टॅब, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, बॅटरी आणि नेट नसताना चालणारा अभ्यास, सगळं मिळून ५२ किलो. त्यातली मला पटलेली गोष्ट वेगळी आहे. हे वर्ग छावणीतल्या पोरांबरोबर आसपासच्या गावातल्या पोरांनाही खुले ठेवले. फक्त पाहुण्यांना दिलं की गावाच्या कपाळावर आठी पडते आणि फक्त गावाला दिलं की पाहुणे कोपऱ्यात बसतात, हे कुठल्याही मुलखात सारखंच.

आमची ऊसतोडीची पोरं कायद्यानं निर्वासित नाहीत, आईबापाच्या कोयत्यामागून आलेली आहेत. वर्गातली अडचण मात्र तीच: अर्ध्या वर्षात आलेलं पोर, वेगळं पुस्तक, कधी वेगळी भाषा, आणि परीक्षेच्या आधी गायब. शिवाय २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि दूधगंगा चढल्या तेव्हा नदीकाठची आपलीच माणसं शाळांतल्या पूरग्रस्त केंद्रात सतरंज्या टाकून झोपली होती. त्यामुळे 'बाहेरची पोरं' हा शब्द निदान आपण तरी जपून वापरावा.

आधी पुस्तक बघा, मग पडदा

टीव्हीवाला दुकानदार प्रात्यक्षिक दाखवायला आला होता. "अभ्यासक्रम भरूनच देतो सर, मराठी आहे." लावला. चौथीचा धडा सुरू झाला, चित्रं सुरेख, आवाज खणखणीत. आमची पोरं पुस्तक उघडून पानं उलटतायत, उलटतायत, धडा सापडेना. सापडणार कसा? तो बालभारतीचा होता. आमची शाळा मराठी असली तरी पुस्तक कर्नाटकचं आहे. भाषा एक, अभ्यासक्रम दोन. मागच्या बाकावरची बीडची मुलगी मात्र खुलली होती, तिच्या दप्तरात तेच पुस्तक होतं!

बाजारात आणि यूट्यूबवर मिळणारं मराठी साहित्य बहुतेक महाराष्ट्र बोर्डाला धरून असतं. सीमाभागातल्या मराठी शाळेनं ते डोळे झाकून घेतलं तर पाहुण्यांची सोय होते आणि गावचंच पोर परकं ठरतं. उलट बाजूनं, विजापूरकडून आलेल्या टोळीत घरी लमाणी बोलणारी, शाळेत कन्नड शिकलेली पोरं असतात. त्यांना दोन्ही पुस्तकं सारखीच लांब. आणि गंमत म्हणून सांगतो, बालभारतीनं २०१९ पासून दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आणलं. ते शिकून आलेलं पोर आमच्या पोरांच्या 'एकवीस'शी पंधरा दिवस भांडत बसतं. शेवटी दोघंही बरोबर, हे सांगण्यातच माझा तास जातो.

सरकारच्या दीक्षा ॲपवर बोर्ड निवडता येतं आणि पुस्तकातला क्यूआर कोड त्या त्या धड्याशी नेतो, म्हणून ते फुकट आहे तोवर वापराच. धडा आधी उतरवून ठेवला तर नेटही लागत नाही. पण ज्याच्या त्याच्या पुस्तकाला ज्याचा त्याचा कोड म्हटल्यावर वर्गाचे तीन तुकडे होतात.

इथं डबा पुढे जातो. डबा म्हणजे काय, ते थोडक्यात. रास्पबेरी पाय नावाचा काडेपेटीहून जरा मोठा संगणक येतो. त्यावर कोलिब्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. तो आपलं स्वतःचं वायफाय सोडतो, आणि टॅबवर किंवा जुन्या मोबाईलवर ब्राउझर उघडला की आतलं सगळं दिसतं. नेट नको. जुना लॅपटॉप पडून असेल तर हेच काम तोही करतो. कोलिब्री बनवलं लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेनं, नेट न पोचणाऱ्या शाळांसाठी. छावण्यांतही ते वापरतात. पडद्यावरच्या सूचना मराठीत मिळतात, आणि आत काय भरायचं ते आपण ठरवतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. मी तीच गोष्ट दोन्ही भाषांत भरतो. मराठी पोर मराठीत वाचतं, विजापूरचं पोर कन्नडमध्ये, आणि मग दोघं मिळून वर्गाला सांगतात. गोष्टीला बोर्ड नसतं.

डब्याची खोड सांगायलाच हवी. तो भरायला माणूस लागतो. पहिल्यांदा मला तीन रविवार गेले. आपल्या पुस्तकाप्रमाणे प्रश्नसंच तयार मिळत नाहीत, स्वतः करून चढवावे लागतात. शाळेत एकालाही यात रस नसेल, तर डब्यावर धूळच बसणार. तसं असेल तर घेऊ नका.

लाईट, नेट, उंदीर

यावर फार वेळ घालवत नाही. टीव्हीला लाईट लागते आणि ऊसपट्ट्यात ती कधी असते ते शेतीपंपाला विचारा. इन्व्हर्टर घेतला तर टीव्हीची किंमत तिथंच पंधरा-वीस हजारांनी वाढते. डबा मोबाईलच्या चार्जरसारख्या पिनेवर चालतो, चांगली पॉवर बँक असेल तर तास-दोन तास निघतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या शाळांना तर नेटवर चालणारं काहीही सुचवायला माझं मन धजत नाही. आणि टॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात बंद ठेवले की जूनमध्ये दोन तरी मेलेले निघतात. बॅटरी अर्धी भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा कुणीतरी बघायचं, एवढं केलं तर वाचतात. चार्जरच्या वायरी उंदीर खातात. पत्र्याची पेटी घ्या.

टॅब एकेकाला की दोघांत एक?

पालकांना वाटतं, प्रत्येकाला एक मिळाला तरच न्याय. पेरूमध्ये सरकारनं खेड्यांतल्या पोरांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास बाहेर आला, तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. वस्तू दिली, बाकी वर्ग होता तसाच राहिला. दिल्लीत याच्या उलट झालं. शाळेनंतरच्या केंद्रात माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर पोर ज्या पायरीवर आहे तिथलाच प्रश्न समोर यायचा, मग ते सहावीत का असेना. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही चांगली प्रगती मोजली गेली. दोन्हीकडे यंत्रच होतं. दिल्लीच्या यंत्राला पोर कुठं अडलंय ते कळत होतं.

ऊसतोडीच्या पोरासाठी हा मुद्दा जिवाचा आहे. वयाप्रमाणे ते चौथीत बसतं आणि वजाबाकीत हातचा कुठून आणायचा ते ठाऊक नसतं, कारण दुसरीतले चार महिने उसाच्या फडात गेलेले. टीव्ही पुढे सरकत राहतो, तो कुणासाठी थांबत नाही. टॅबवर त्याला दुसरीची वजाबाकी देता येते, आणि वर्गात कुणाला कळतही नाही. डबा जोडलेला असला तर कोण कुठं अडलं ते मला माझ्या पडद्यावर दिसतं.

तरी एकेकाला एक टॅब देऊ नये, दोघातिघांत एक द्यावा. गेल्या डिसेंबरात एक टॅब गावच्या मुलाकडे आणि तळावरच्या मुलीकडे मिळून होता. बोट कुणाचं यावरून पहिले दोन दिवस ओढाओढी. तिसऱ्या दिवशी करार झाला: वाचायचं त्यानं, हिशोब तिनं. तिला अक्षर लागत नव्हतं, त्याला पाढे येत नव्हते. फेब्रुवारीत ती एकेक ओळ वाचायला लागली होती. त्याचे पाढे अजून कच्चेच आहेत, पण तो त्याचा पिढीजात प्रश्न आहे, त्याच्या बापालाही मीच शिकवलंय.

टोळी गेल्यावर काय उरतं

टीव्ही भिंतीवर राहतो, टॅब कपाटात राहतात, डबा टेबलावर राहतो. पोर जातं. त्याच्याबरोबर जातो तो बापाच्या खिशातला फोन.

यावर लगेच उत्तर येतं, मग व्हॉट्सॲप ग्रुप करा, व्हिडिओ पाठवा. केला होता. बापाचा फोन पहाटे चारला त्याच्याबरोबर फडात जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो, तोवर बॅटरी गाण्यांत संपलेली. स्मार्टफोन घरात असला म्हणजे अभ्यास होतो असंही नाही. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे थोरल्यांचं झालं. तिसरीतल्या पोराच्या हाती तो येतो कधी?

बोलण्याचा फोन मात्र काम करतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात हे करून पाहिलं गेलं: आठवड्याला एक एसएमएसवर गणित आणि पंधरा-वीस मिनिटांचा फोन. ज्यांना फोन गेला त्यांचं गणित सुधारलं, नुसता एसएमएस गेलेल्यांत फारसा फरक दिसला नाही. नंतर आपल्या देशासह आणखी पाच देशांत ते केलं, तिथंही चाललं. कीपॅडचा फोन पुरतो.

मी गेल्या एप्रिलपासून गुरुवारी रात्री साडेसातला फोन लावतो. त्या वेळी चूल पेटलेली असते आणि बाप घरी असतो. पहिल्यांदा एक बाप दचकलाच. "काय चुकलं का सर लेकराचं?" शाळेचा फोन चांगल्यासाठी येतो, हे त्याला नवं होतं. मुलीला विचारलं, सत्तावीस आणि अठरा किती? काहीच आवाज नाही. मागं भाकरी थापल्याचा आवाज तेवढा. मग म्हटलं, आईनं सकाळी सत्तावीस मोळ्या बांधल्या आणि दुपारी अठरा. क्षणात उत्तर आलं, "पंचेचाळीस." कसं केलंस? "अठरातल्या तीन तिकडं टाकल्या, तीस झाल्या. मग राहिल्या पंधरा." ही युक्ती मी तिला शिकवली नव्हती.

अडचण वेळेची आहे. चौदा पोरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. एकट्या शिक्षकाला ते झेपत नाही. आमच्या गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आता निम्मे फोन करतात. पोरांना त्यांचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा त्या वर्गात येऊन बसतात.

लाखाचं काय केलं

सहा टॅब, चोपन्न हजार. डबा, पॉवर बँक धरून बारा. स्पीकर तीन. कपाट, कव्हरं आणि चार्जिंगची पट्टी, आठ. दोन कीपॅड फोन आणि रिचार्ज, सहा. उरलेले सतरा हजार दुरुस्तीला बाजूला ठेवले, त्यावर अध्यक्ष अजून नाराज आहेत. टीव्ही घेतला नाही. तुमच्याकडे बाहेरगावची पोरं येतच नसतील, लाईट भरवशाची असेल आणि एक शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल, तर मात्र टीव्ही घ्या. एका वर्गाला तो धरून ठेवतो, तेवढ्यात दुसऱ्याकडे बघता येतं. पैसे दहा हजारच असतील तर फक्त फोनचं करा, बाकी काही नको.

पोर दाखल करताना दाखल्यासाठी अडवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणेच वर्ग द्यायचा आहे. महाराष्ट्राच्या विद्यार्थी नोंदणीतला सरल क्रमांक आपल्या कर्नाटकच्या नोंदणीत (एसएटीएस) चालत नाही, म्हणून देशभरच्या यूडायस नोंदणीतला पेन क्रमांक मागून घ्या. तो दोन्हीकडे एकच असतो. आणि बापाच्या नंबराबरोबर टोळीच्या मुकादमाचा नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. बापाचं सिम हंगामात दोनदा बदलतं, मुकादमाचं बदलत नाही.