कोविडचा मृत्युदर शिकवण्यासाठी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’: वापरल्यानंतरचं मत

ठाण्यात नौपाड्याला मी बीएस्सीच्या मुलांचे स्टॅटिस्टिक्सचे क्लास घेते. महामारीत मृत्युदर कसा बदलत जातो, हे शिकवायला ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या वेबसाइटचा कोविड विभाग उघडते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. पण मी तिथे जाते ती एका आलेखासाठी: सरकत्या सरासरीने काढलेला सीएफआर (केस फॅटॅलिटी रेट), म्हणजे नोंदलेल्या रुग्णांपैकी किती टक्के दगावले तो दर.

आजवरचे मृत्यू भागिले आजवरचे रुग्ण, हे गणित तेव्हा रोज बातम्यांत यायचं. लाट चढत असताना ते फार फसवं असतं. आमच्या सोसायटीतले एक काका एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला पॉझिटिव्ह आले आणि महिनाअखेरीस गेले. रुग्ण म्हणून त्यांची नोंद एका तारखेला, मृत्यूची तीन आठवड्यांनी. तोवर नवे रुग्ण वाढतच असतात, भाजक फुगतो, आणि ‘दर तर कमी झालाय’ म्हणत लोक निर्धास्त होतात. याचा मला आजही संताप येतो, कारण हे आधी घडून गेलेलं होतं. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत सुरुवातीला चार टक्क्यांच्या आसपास वाटणारा दर जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात १४-१५ टक्क्यांवर नेला. साथ संपल्यावरचा हिशेब ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के.

हा आलेख सात दिवसांच्या सरासरी मृत्यूंना दहा दिवस आधीच्या सरासरी रुग्णांनी भागतो. मी मुलांना दहाऐवजी चौदा, मग एकवीस घालून बघायला लावते. अंतर असं वाढवलं की लाटेच्या चढावर दर वर जातो, उतारावर खाली येतो. हे स्वतः करून पाहिलं की मुलांना वेगळं समजावावं लागत नाही.

उणिवा आहेत. दहा दिवसांचं अंतर सगळ्या देशांना सरसकट. शिवाय मृत्यू नोंदवला कधी हेच दिसतं, झाला कधी ते नाही. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने मागचे १,३२८ मृत्यू एकदम जमा केले. त्या आठवड्यातला भारताचा उंचवटा बघून आजार अचानक घातक झाला असं कुणी समजू नये. जानेवारी २०२२ च्या लाटेत लोक मेडिकलमधून किट आणून घरीच टेस्ट करत होते, त्यातले कितीतरी पॉझिटिव्ह मोजलेच गेले नाहीत. त्यामुळे संसर्ग झालेल्यांपैकी किती दगावले, हे इथून काढू नका.

भारताचे आकडे फक्त देशपातळीवरचे. ठाणे जिल्ह्याचे हवे असतील तर ‘कोविड१९इंडिया’ या वेबसाइटच्या स्वयंसेवकांचा जुना संग्रह बघा. तो ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंतचा आहे, आणि त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली सगळं एकाच जिल्ह्यात धरलेलं आहे.