बंगळूरच्या लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन: काचघराआधी कुंड्या पाहा

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमचं दीड एकर फुलांचं आहे. दसरा-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती, उरलेल्या वावरात पऱ्हाटी म्हणजे कापूस, अन् तूर. धाकटे दीर बंगळूरला नोकरीला आहेत, म्हणून 2024 च्या जानेवारीत मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन मी लालबाग पाहून आले. नागपूरहून संघमित्रा एक्स्प्रेस सोयीची पडते. लालबागेत जायला गाडी-रिक्षाच्या भानगडीत पडू नका, हिरव्या मार्गाच्या मेट्रोला 'लालबाग' नावाचंच स्टेशन आहे. प्रदर्शनाचं तिकीट तेव्हा साध्या दिवशी 80 रुपये होतं, सुट्टीला 100.

हे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमाराला. ऑगस्टात आमच्याकडे निंदण-फवारणीतून मान वर होत नाही, तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला जानेवारीचंच जमणार.

सगळी गर्दी असते ती काचघरात. लोखंड आणि काचेची ही इमारत, 1889 मध्ये पायाभरणी झालेली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेली. आम्ही गेलो त्या वर्षी विषय होता बसवेश्वर आणि वचन साहित्य, आणि मध्यभागी फुलांचा अनुभव मंटप, म्हणजे बसवेश्वरांच्या धर्मचर्चेच्या सभागृहाची प्रतिकृती, उभा केला होता. सांगाड्यावर ओला फोम, त्यात देठ टोचून गुलाब आणि शेवंती. लांबून खरंच देखणं दिसतं. जवळ थांबून पाहायला मात्र मिळत नाही, मागची रांग पुढे ढकलत नेते. मामाजींना ते पटलंच नाही.

"एवढे गुलाब टोचले, अन् चार दिवसानं फेकून देतीन! कायले वो सूनबाई?"

"मामाजी, पाह्यासाठीच आहे नं ते."

पाच-दहा पावलं गेल्यावर स्वतःच म्हणाले, "पण इकणाऱ्याले पैसे तं भेटले असतीन." खरंच आहे. फुलं सुकली की प्रदर्शन चालू असतानाच नवी लावतात, म्हणजे तेवढा माल परत कोणाच्या तरी शेतातून येतो. नागपूरच्या बाजारात दिवाळीनंतर दहा रुपये किलोनेही झेंडूला कोणी विचारत नाही, ते दिवस पाहिलेल्या माणसाला फुलांची असली उधळपट्टी मनापासून वाईट वाटत नाही.

माझं मन रमलं ते बाहेरच्या कुंड्यांत. पेटुनिया, साल्व्हिया, कोंबडा, झेंडू, रांगाच्या रांगा, आणि सगळं एका उंचीचं, एकाच वेळी फुललेलं. ज्यानं फूल पिकवलंय त्यालाच कळेल हे किती कठीण आहे ते. आमचा दसऱ्याचा झेंडू आठ दिवस पुढे-मागे झाला तरी वर्षाचं गणित बिघडतं. मी वाकून झेंडूचं एक झाड बुडापासून पाहिलं. खाली चार-पाच पेरांवर शेंडा खुडल्याची खूण, तिथून सहा फांद्या फुटलेल्या, फांदीला एक फूल पूर्ण उमललेलं अन् मागे दोन कळ्या तयार. पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी ही कीड नाही, करपा रोगाचा ठिपका नाही. रोप पंचवीस दिवसांचं, लावल्यावर दीड-दोन महिने, त्यात खुडणीनं लागणारा उशीर आणि थंडीचा वेगळा. म्हणजे बी दिवाळीच्या मागे-पुढे पडलं असणार. शेवंतीचं गणित आणखी वेगळं. दिवस लहान झाल्याशिवाय ती कळी धरत नाही, म्हणून मोठे बागायतदार रात्री दिवे लावून तिला थोपवून धरतात. आम्ही तिला देवाच्या भरवशावर सोडतो, त्यामुळे सगळ्यांची एकदमच येते आणि भाव पडतो. मी त्या कुंड्यांसमोर इतका वेळ घालवला की राखणदारानं दोनदा वळून पाहिलं.

बोन्साय आणि फुलांच्या जपानी मांडणीचा विभाग चटकन पाहून झाला. आपला प्रांत नाही तो.

बाग 240 एकरांची आहे, हैदर अलीनं 1760 मध्ये सुरू केलेली, टिपूनं वाढवलेली. तळ्याच्या बाजूचं पांढऱ्या सावरीचं जुनं झाड चुकवू नका. खोडाला भिंतीसारखे पाखे फुटलेत, दोन माणसं आत लपतील. याच्या बोंडातूनही कापूस निघतो, पण सूत निघत नाही, गाद्या-उशांनाच चालतो, असं सांगितल्यावर मामाजींनी बुंध्यावर हात फिरवून विचारलं, "मंग सीसीआय घेते का?" (सीसीआय म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ.) बागेतला खडक तीनशे कोटी वर्षांचा म्हणतात. त्यावर चढून शहर दिसतं, एवढंच.

खरेदीबद्दल सांभाळून. एका दुकानात संकरित झेंडूचं बी ठेवलं होतं, चित्र झकास, पण पाकिटावर ना लॉट नंबर, ना उगवणशक्ती, ना चाचणीची तारीख. विचारलं तर "गॅरंटी आहे मॅडम". असलं बी फुकट दिलं तरी वावरात टाकू नये. खाण्याच्या स्टॉलवर दोन मिरची भज्यांचे जे पैसे घेतले, तेवढ्यात आमच्या बसस्टँडवर घरभराचं होतं; डबा सोबत न्या.

फुलशेतीवालं कोणी जाणार असेल तर एक दिवस जास्तीचा काढा आणि शहराबाहेर हेसरघट्टा इथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे, तिथली चौकशी आधी फोनवर करून ठेवा. झेंडूत अर्का अग्नी, अर्का बंगारा, निशिगंधात अर्का प्रज्वल, अर्का शृंगार हे वाण तिथलेच. आम्हाला तो दिवस काढता आला नाही, कापसाची शेवटची वेचणी बाकी होती. पुढच्या खेपेला मंगळवार-बुधवार गाठून, दार उघडताच आत शिरणार, आधी कुंड्या, मग काचघर.